शंभराच्या पुढे

मोजणीच्या यंत्राला आठ बटणं होती आणि एक घंटी. मायक्रोस्कोपखाली रक्ताची स्लाइड सरकवत जायचं आणि पांढरी पेशी दिसली की तिच्या जातीचं बटण दाबायचं. सगळी बटणं मिळून शंभर वेळा दाबली गेली की घंटी एकदा बारीक वाजायची आणि मोजणारीने थांबायचं. त्या मंगळवारी सकाळी घंटी वाजली तेव्हा ताईचं बोट डावीकडून दुसऱ्या बटणावर होतं. ते उचललं गेलं नाही, अडखळलंसुद्धा नाही. टक, टक, टकटक करत पुढच्या शंभराकडे निघालं.

शेजारच्या मायक्रोस्कोपवर धाकटी बसली होती. तिने भिंगावरून डोळे काढले नाहीत, पण स्लाइड सोडून ती ताईची टकटक मोजू लागली. दुसरी घंटी झाली, तिसरी झाली. तीनशे चाळीसच्या आसपास ताई थांबली. तेही घंटीमुळे नाही. बाहेर कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडला होता.

"कोण खातंय?" खुर्ची मागे ढकलत ताई म्हणाली. "एकटं एकटं?"

रक्ततपासणीच्या त्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना थोरल्या बाई आणि धाकट्या बाई म्हणत. सख्ख्या बहिणी, सात वर्षांचं अंतर. थोरलीने धाकटीला काम शिकवलं होतं. काचेवर रक्ताचा थेंब कसा ओढायचा, रंग किती मिनिटं ठेवायचा, आणि स्लाइडच्या कुठल्या टोकाला पेशी एकमेकींच्या अंगावर न पडता सुट्या बसतात, ते सगळं. तीस वर्षांपूर्वी ताईने एक नियम घातला आणि तो कधी मोडला नव्हता. आकडे द्यायला मशीन होतंच, पण ज्या रक्ताबद्दल मशीनला शंका येई त्याची स्लाइड दोघींनी पाहायची, एकमेकींशी न बोलता. आपापले आकडे चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठी पालथी ठेवायची, मग दोन्ही एकदम उलटायच्या. जुळल्या तर टाचून प्रयोगशाळेच्या डॉक्टरांकडे, सहीला. नाही जुळल्या तर दोघींनी परत मोजायचं, जुळेपर्यंत.

"सख्खी बहीण आहेस," ताई म्हणायची, "म्हणूनच तुझ्यावर विश्वास ठेवायचा नाही."

गेले आठ महिने त्या चिठ्ठ्या दर वेळी जुळत होत्या, कारण दोन्ही धाकटी लिहीत होती.

सुरुवात आकड्यांनी झाली. बासष्ट, तीस, पाच, तीन. सर्दीवाल्या बाईचं रक्त असो की टायफॉइडवाल्या ड्रायव्हरचं, ताईच्या चिठ्ठीवर तेच चार आकडे येऊ लागले. मग पेशींची नावं गेली. जिच्या केंद्राचे तीन तुकडे दोऱ्यात ओवल्यासारखे दिसतात तिला ताई 'ती तीन मण्यांची' म्हणू लागली. मग स्वभाव बदलला, आणि तो बदल मात्र सगळ्यांना दिसला, फक्त त्याचं कारण कुणाला कळलं नाही. जी ताई रुग्णाला 'रिपोर्ट चांगला आहे' एवढंही सांगत नसे, ते डॉक्टरांचं काम म्हणून, ती आता कुणाच्याही डब्यात हात घालत होती, अनोळखी माणसाच्या पोटावर टिचकी मारून "आत कोण राहतं?" विचारत होती.

मेंदूच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून दाखवली होती. कपाळामागचा भाग आक्रसला होता. मेंदू आणि कवटी यांच्यात काळी फट दिसत होती. आठवण जाईल, ते म्हणाले, पण तिच्याआधी तोल जाईल. काय बोलावं, किती खावं, कुठे थांबावं, ते त्यांचं त्यांना कळणार नाही.

"आणि काम?" धाकटीने विचारलं होतं.

"काय काम करतात?"

तिने सांगितलं. त्यांनी फिल्म खाली ठेवली. "थांबवा," म्हणाले. "हे काम तर थांबवाच."

जिना उतरताना ताईचे यजमान म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून बसवू घरी. एकदम नको." धाकटीने मान हलवली. त्यानंतर असे आठ पुढचे महिने आले आणि गेले.

त्या मंगळवारी ताईने तीनशे चाळीसपर्यंत मोजली ती स्लाइड शिंप्याची होती.

प्रयोगशाळेचे पांढरे कोट तोच शिवायचा. सकाळी आठ वाजता तो स्वतःच रक्त द्यायला आला होता. महिनाभर थकवा, दंडावर कुठेही न आपटता उठलेले निळे डाग. धाकटी त्याच्या हाताला पट्टा बांधत होती, तेवढ्यात ताई आत आली.

"थोरल्या बाई, कोट उलटा घातलाय तुम्ही," शिंपी म्हणाला. "माझी शिलाई अशी चव्हाट्यावर आणू नका."

ताई खदखदून हसली. "तुमची शिलाई आतूनच बरी दिसते हो!" मग हसू पुसल्यासारखं गेलं आणि ती वाकून त्याच्या चेहऱ्यात पाहत म्हणाली, "तुम्ही मरायला टेकलेले दिसता. पांढरेफटक."

सुई शिरेत होती. धाकटीने हात हलू दिला नाही.

"धाकट्या बाई," थोड्या वेळाने शिंपी म्हणाला, "यांच्या जिभेला चार टाके घालून देऊ का? ओळखीत आहात, पक्का दोरा वापरीन."

"मनावर घेऊ नका," धाकटी म्हणाली. "झोप नाही झालीय तिची."

मशीनने प्लेटलेट कमी दाखवल्या म्हणून स्लाइड झाली. त्या दिवशी अशा एकतीस स्लाइड होत्या, म्हणजे खरं तर बासष्ट नजरा, आणि त्या सगळ्या एकटीच्या. धाकटीने शिंप्याच्या शंभर पेशी मोजल्या. सगळ्या ओळखीच्या होत्या. घंटी वाजली, ती थांबली. आपली चिठ्ठी लिहिली. मग दुसरी, अक्षर डावीकडे कलतं ठेवून, ताईसारखी. दोन आकडे एक-एकने बदलले, कारण दोन माणसांची मोजणी तंतोतंत जुळली तर ते खरं वाटत नाही. ताईची खरी चिठ्ठी तिच्या कोपराखाली होती. धाकटीने ती न उलटता घेतली आणि बेसिनखाली ठेवलेल्या स्लाइडच्या रिकाम्या खोक्यात टाकली.

सुरुवातीला ती त्या चिठ्ठ्या वाचत असे. गेले तीन महिने वाचणं सोडलं होतं. फेकत मात्र नव्हती. एक दिवस डॉक्टरांना सगळं सांगायचं, तेव्हा पुरावा हाताशी हवा, असं ती स्वतःला सांगायची.

संध्याकाळी ती ताईला घरी सोडायला गेली. भावोजींनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या गालावर उशीची वळी उमटलेली होती. स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या मुठी सुतळीने एकमेकींना बांधल्या होत्या. ताई साखर मुठीने खायची, म्हणून. ताई सरळ आत गेली आणि गाठी सोडायला बसली. कुणी तिला अडवलं नाही. गाठी सोडण्यात तिचा अर्धा तास जायचा, तेवढीच उसंत.

"भावोजी, आता बोलायला हवं."

"हं."

"आज तीनशेच्या पुढे मोजत बसली. घंटी ऐकूच येत नाही तिला."

"ऐकू येते गं. थांबता येत नाही." त्यांनी खुर्चीवरचे कपडे उचलून तिला जागा केली. "तिथे शांत असते ना ती?"

"असते."

"मग?"

"तिथे माणसांचं रक्त असतं, भावोजी."

"ती तुझ्याकडे असते तेव्हा मी दुपारी दोन तास झोपतो," ते म्हणाले. "बाकी चोवीस तासांत एक डोळा उघडाच असतो. ते दोन तास गेले तर मी काही टिकायचो नाही. आणि तिला काय सांगायचं? तुझं डोकं चालत नाही म्हणून? जिने जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या तिला?" मग जरासं हसले. "मेव्हणीबाई, एक महिना दे. पुढच्या महिन्यात मीच सांगतो."

"बरं," धाकटी म्हणाली. रस्त्यावर आल्यावर तिला सुटल्यासारखं वाटलं आणि दोन पावलांनी त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज वाटली.

तीन आठवड्यांनी शिंपी परत आला. या वेळी बायकोने त्याला दंडाला धरून आणलं होतं. हिरड्यांतून रक्त येत होतं, तोंडावर रुमाल होता, आणि तो काही विनोद करत नव्हता. ताईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि त्याच्या बायकोच्या पिशवीत काय आहे ते बघायला लागली.

स्लाइड रंगून वाळेपर्यंत वीस मिनिटं गेली. धाकटीने ती भिंगाखाली घेतली, तेलाचा थेंब टाकला, आणि मोजणीच्या यंत्राकडे हात नेण्याची वेळच आली नाही. पहिल्याच नजरेत अकरा पेशी होत्या. मोठ्या, पेशीभर पसरलेलं केंद्र, त्यात एक-दोन फिकट ठिपके. कोवळ्या पेशी. त्या हाडांच्या पोकळीत असतात, पुऱ्या वाढल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. रक्तात त्यांचं काही काम नसतं. त्या रक्तात अशा थव्याने दिसल्या की त्याला एकच नाव असतं, रक्ताचा कर्करोग.

ती उठली आणि फडताळातून तीन आठवड्यांपूर्वीची स्लाइड काढली. हात धुतले, पुसले, परत बसली. मोजायला सुरुवात केली. शंभराला घंटी वाजली. तोवर काहीच नव्हतं. नियमाप्रमाणे ती बरोबर होती. तिने बोट उचललं नाही. एकशे त्रेसष्टला पहिली दिसली. दोनशे अठ्ठावीसला दुसरी. तीनशे चाळीस होईपर्यंत चार.

मग तिला त्या मंगळवारच्या तीन घंट्या आठवल्या.

बेसिनखालचं खोकं ओढताना त्याचा तळ ओलावून सुटला आणि चिठ्ठ्या फरशीवर पसरल्या. ती खाली बसून नंबर बघत गेली. शिंप्याची चिठ्ठी सापडली. तिच्यावर आकडे नव्हते. पेन्सिलने चार गोल काढले होते, प्रत्येकात जवळजवळ तेवढाच दुसरा गोल, आणि त्याच्या आत बारीक पोकळ ठिपके. ताईचा हात चित्रात कधीच चुकत नसे. खाली कलत्या अक्षरात लिहिलं होतं: 'ह्या इथल्या नाहीत. कोवळ्या आहेत. डॉक्टरांना सांग, छोटे.'

छोटे. ताई तिला हाक मारायची ती अशी, आणि गेल्या काही महिन्यांत ती हाकही ऐकू आली नव्हती. नावाच्या जागी 'अगं' आलं होतं.

धाकटी रडली नाही. तिला आधी दुसरी गोष्ट तपासायची होती. तिने फरशीवरच्या बाकीच्या चिठ्ठ्या उलटल्या. बासष्ट, तीस, पाच, तीन. बासष्ट, तीस, पाच, तीन. एकीवर 'साबण, दिव्याचं बटण' लिहिलं होतं. एक नुसत्या टिंबांनी भरली होती. आणि शिंपी येण्याच्या आधीच्या, दुसऱ्याच रुग्णांच्या दोन चिठ्ठ्यांवर तेच चित्र होतं, तसेच गोल, तसेच ठिपके, शब्द मात्र नव्हते. त्या दोन्ही स्लाइड तिने काढल्या आणि तीन-तीनशे पेशी मोजून पाहिल्या. काहीही नव्हतं. निरोगी रक्त होतं.

म्हणजे शिंप्याच्या वेळी ताईला खरंच दिसलं होतं, की हात नुसता तेच चित्र काढत होता, हे आता सांगता येत नव्हतं. ताईलाही सांगता आलं नसतं. चार गोल आणि चार पेशी. धाकटीचा जीव म्हणत होता, दिसलं होतं. पण एक गोष्ट तिला लख्ख कळली. चिठ्ठी चुकीची असती तरी उलटायला हवी होती. ताईचं डोकं आजाराने बंद पडत चाललं होतं. तिने स्वतः मात्र चांगल्या डोक्याने वाचणं बंद केलं होतं.

दुपारी ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. शिंप्याला मोठ्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी ते लिहीत होते. समोर जुना रिपोर्ट होता, त्याला दोन चिठ्ठ्या टाचलेल्या.

"बसा, धाकट्या बाई. मी तेच बघतोय. तीन आठवड्यांत एवढं? होतं कधी कधी, पण..." त्यांनी चिठ्ठ्यांवर बोट ठेवलं. "दोघींची मोजणी जुळली होती ना?"

"दोन्ही मी लिहिल्यात."

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. "म्हणजे?"

"ताईचं अक्षर मी काढते. आठ महिने झाले. तिला मेंदूचा आजार आहे. मला माहीत होतं, भावोजींना माहीत होतं." तिने ताईची चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. "ही तिची त्या दिवशीची. मी उलटून पाहिली नव्हती."

डॉक्टरांनी चित्र पाहिलं, खालच्या ओळी वाचल्या, परत चित्र पाहिलं. मग चिठ्ठी जुन्या रिपोर्टशेजारी ठेवली.

"तुम्ही दोघी आहात म्हणून मी सही करताना वाचत नव्हतो," ते म्हणाले. मग, आवाज न चढवता, "आठ महिन्यांच्या सगळ्या स्लाइड परत बघाव्या लागतील."

"मी काढून ठेवते."

"काढा. बघणार तुम्ही नाही. बाहेरचं कुणीतरी बघेल."

"हो."

"आणि तीन आठवडे कुठे गेले ते शिंप्याला मी सांगणार. काही लपवणार नाही. तुमचंही नाव सांगेन."

"सांगा. मी तिथे उभी राहीन."

"तीन आठवड्यांनी काय फरक पडला असता, मला सांगता येणार नाही." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "पडलाच नसता, असंही म्हणता येणार नाही. या आजारात एकेक दिवस महत्त्वाचा असतो."

ती उठली.

"थोरल्या बाईंशी मी बोलू का?" डॉक्टरांनी विचारलं. "मोठ्या आहेत. माझ्याकडून ऐकलं तर कदाचित..."

"नको," धाकटी म्हणाली. "ते माझं काम आहे."

शिंप्याला सांगताना ती खरंच तिथे उभी राहिली. त्याची बायको तिच्याकडे बघत होती आणि शिंपी स्वतःच्या हातांकडे. सगळं ऐकून झाल्यावर त्याने रुमाल तोंडावरून काढला. "थोरल्या बाई म्हणाल्या होत्या मला," तो म्हणाला. "तोंडावर म्हणाल्या होत्या. मी जिभेला टाके घालायला निघालो होतो." धाकटीने त्याच्यासाठी रिक्षा थांबवली. त्याची बायको तिच्याकडे न बघता आत बसली.

आत आली तेव्हा साडेचार झाले होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ताई मायक्रोस्कोपशी बसली होती, पाठ ताठ, मान किंचित डावीकडे, तीस वर्षं बसत आली तशीच. मागून पाहिलं तर काही झालंय असं कुणी म्हटलं नसतं. फक्त कोटाची शिवण बाहेर होती, आणि खिसा आतल्या अंगाला लोंबत होता. टक, टक, टकटक. धाकटीने शेजारच्या खुर्चीची पाठ धरली आणि वाट पाहिली. घंटी वाजली. बोटं पुढे निघाली. धाकटीने आपला हात त्यांच्यावर ठेवला.

"अगं, मोजतेय ना," ताई म्हणाली.

"माहीत आहे."

"हात काढ. चुकेल माझं."

"ताई, ही बघ." धाकटीने चिठ्ठी तिच्यापुढे धरली.

ताईने ती उजेडाकडे नेली, जवळ घेतली, लांब धरली. "छान काढलंय," ती म्हणाली. "कुणी काढलं?"

"तू."

"मग बरोबरच असणार." आणि ती हसली, लहान मुलीसारखी, खांदे वर करून. हसता हसता तिची नजर टेबलावर फिरली, काहीतरी शोधत. तिने चिठ्ठी पालथी घातली, तळहाताने सपाट केली आणि धाकटीच्या बाजूची मोकळी जागा बोटाने ठोकली. "तुझी कुठाय? उलट की. जुळली का?"

"नाही जुळली, ताई."

"मग परत मोज," ताई म्हणाली. आवाज जुना होता, कामाचा, जराही न हलणारा. "दोघींनी मोजायचं. जुळेपर्यंत."

तिचा हात पुन्हा बटणांकडे निघाला. धाकटीने यंत्र उचललं आणि आपल्या मांडीवर घेतलं. त्याची घंटी आतल्या आत बारीक किणकिणली.

"दोघींनी नाही, ताई," ती म्हणाली. "उद्यापासून तू स्लाइड बघायची नाहीस."